तळहाताचा आडोसा

टक्.

दुपारच्या निपचित घरात तेवढाच आवाज झाला आणि कैरी चिरता चिरता माझा हात थांबला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या खोलीत पडल्या होत्या. जुईला त्यांच्या कुशीत झोपवून मी स्वयंपाकघरात आले होते. विळीवर तशीच बसून मी दुसऱ्या टक्ची वाट पाहू लागले.

माशाच्या मादीला पिल्लं व्हायला लागली की हा आवाज लागोपाठ यायला हवा. एक, मग जरा थांबून एक, मग दोन एकदम, शेजारी कुणी सागरगोटे खेळत असल्यासारखा. त्या दुपारी पहिल्या आवाजानंतर काहीच आलं नाही. मी हॉलमध्ये गेले. काचेच्या प्रसूतिपेटीत मादी शांत उभी होती, पोट उतरलेलं, आणि तिच्या ओठांतून सुतासारखी एक शेपटी बाहेर दिसत होती. मी बघत असतानाच तीही आत गेली.

या महिन्यातली ही तिसरी मादी.

"खाल्लं?" मागून आवाज आला. जुई दारात उभी होती. डोळे झोपेतून उठल्यासारखे नव्हते आणि फ्रॉकची उजवी बाही ओली होती. सुट्टी लागल्यापासून बेसिनशी तिचा हाच खेळ चाललेला. दात घासताना पोहोचावं म्हणून सुजयनं तिला लाकडी स्टूल करून आणलं होतं, तेव्हापासून तर दिवसभर पाणी.

"भूक लागली असेल तिला," मी म्हटलं.

"पण तू तर मगाशीच खायला दिलंस."

मी तिची बाही पिळली आणि विषय बदलला.

गप्पी मासे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून पूर्वी आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडून जायची तेच हे. गप्पी अंडी घालत नाही. महिनाभर पिल्लं पोटात वाढवते आणि टपोऱ्या डोळ्यांची, पोहता येणारी पिल्लं सरळ पाण्यात सोडते. मग त्यातली काही स्वतःच गिळते. मासे पाळणारे याला भूक म्हणायचे आणि पिल्लांना लपायला शेवाळ टाकून मोकळे व्हायचे. आमच्या मिरजेतल्या संशोधन संस्थेच्या बागवान मॅडमना मात्र त्यात वेगळं काही दिसलं. पोट भरलेली मादीही पिल्लं खाते, पण वाटेल त्याला खात नाही. पिल्लासमोर क्षणभर थबकते, तोंड जवळ नेते, मग ठरवते. तिच्या तोंडून सोडवलेली पिल्लं मॅडमनी वेगळी वाढवून पाहिली. त्यांच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी जी भट्टी असते ती जन्मतःच कच्ची निघाली. दिसायला पिल्लू धडधाकट, आत आच मंद. अशा पेशी एक द्रव्य बाहेर टाकतात, विहिरीत साखरेचा कण पडावा इतकंसं. मादीला त्याचा वास येतो.

माणसाच्या पेशीत तीच भट्टी आहे आणि बिघडली की तेच द्रव्य निघतं. पोटातल्या बाळाकडून ते आईच्या रक्तात येतं, तिथून तिच्या घामात आणि श्वासात. मॅडमच्या संस्थेनं मादीच्या नाकातल्या पेशी कागदाच्या पट्टीवर जगवून दाखवल्या. पट्टीवर फुंकर मारायची. पांढरी राहिली तर काळजी नाही, निळी झाली तर आहे. सुई नाही, दुखणं नाही. बघता बघता घ्राणपट्टी खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत गेली. लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाखाली लोक 'निरंक' लिहू लागले. पुढल्या वर्षीपासून शाळाही विचारणार, असं कानावर येत होतं. निळी पट्टी आलेल्या घरात पुढे काय होतं यावर मात्र कुणी बोलत नाही. आमच्या गल्लीतली एक जण माहेरी गेली आणि महिन्याभरानं रिकामी परतली. आम्ही सगळ्या तिच्याशी पाण्याच्या वेळांबद्दल बोललो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं नाक लवकर बोथट होतं. त्यामुळे संस्थेला तिखट नाकाच्या माद्या सतत लागतात. त्या आम्ही बायका घरी वाढवतो, जसे पूर्वी पापड लाटून दिले जायचे तसं. प्रसूतिपेटीच्या अरुंद गळ्याशी पिल्लू आईच्या समोरून जातं. तिनं हुंगून जाऊ दिलं की ते झडपेतून खालच्या टाकीत पडतं. टक्. आई हो म्हणाली. मग त्या पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीत चुरून द्यायचा, पाणी थोडं थोडं बदलायचं, देशी बदामाचं वाळकं पान तळाशी ठेवायचं. नियम दोनच. साबण आणि हातमोजे चालत नाहीत, रबराच्या वासानं मादी बिथरते. आणि एका टाकीत एकाच माणसाचा हात. हॉलमधली टाकी माझी, बाल्कनीतली आत्यांची.

आत्यांच्या टाकीत सगळं सुरळीत चाललं होतं. तेच नळाचं पाणी, तेच खाणं, आणि टक् टक् टक्. "माझ्या पोरी शहाण्या आहेत," त्या म्हणायच्या. "तुझ्या जरा माहेरच्या वळणावर गेल्यात." मी हसायचे. त्या आठवड्यात हसू आलं नाही.

मॅडमनी टाकीतलं पाणी मागवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"मानसी, तुमच्या माद्या बिघडलेल्या नाहीत. पाण्यातच ते द्रव्य आहे. त्यांना सगळीकडून एकच वास येतोय, म्हणून त्या चांगली पिल्लंसुद्धा खातायत." मग आवाज जरा खाली आला. "आणि पाण्यात माणसाचा घाम आहे, म्हणजे हे द्रव्य माशाचं नाही. टाकीत हात कोणाचा जातो?"

"माझाच."

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला दिवस गेलेत का?"

मी हो म्हटलं. तिसरा महिना लागला होता आणि ते घराबाहेर डॉक्टरीणबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी पुढच्या भेटीत करू म्हटलं होतं. माझ्या माशांनी ती आधीच केली होती.

सुजय सांगलीला हळदीच्या शीतगृहात कामाला आहे. संध्याकाळी तो आला की घरात हळदीचा वास येतो आणि जुई त्याच्या शर्टात नाक खुपसते. त्या दिवशीही तिनं खुपसलं. ती खाली खेळायला गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं चहाचा कप न पिताच हातात धरला. मग म्हणाला, उद्याच्या उद्या संस्थेत जाऊन नीट पट्टी करून घेऊ, टाकीवरून कशाला ठरवायचं. मी म्हटलं, आणि निळी आली तर?

"वेळेत कळलं तर निर्णय घेता येतो, मानसी."

"कसला?"

त्यानं कप खाली ठेवला. माझा हात धरून म्हणाला, "हे बघ, एक धडधाकट लेक आहे आपल्याला. तेवढ्यावर भागवू."

आत्या दारातून ऐकत होत्या. माशाच्या नाकानं माझं नातवंड ठरणार का, असं त्यांनी सुनावलं. सुजय सातव्या महिन्यात झाला तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती, हा आता पोतीच्या पोती उचलतो, हेही सांगून झालं. मला बरं वाटलं. पण नंतर बघितलं तर त्यांनी आपली जाळी आणि पेला माझ्या टाकीजवळून उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला होता. माझा हात चुकून लागू नये म्हणून. त्या वाईट नाहीत. मीही तेच केलं असतं.

खालून जुईची हाक आली. ती पहिल्या जिन्यावरच बसून राहिली होती. "बाबा, उचल." सुजय खाली गेला आणि तिला खांद्यावर टाकून घेऊन आला. "पाच वर्षांची घोडी झाली, अजून जिना चढत नाही. लाडावून ठेवलंय तुम्ही दोघींनी."

"तिच्या वयात तूही असाच होतास," आत्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी आहे. तिच्यात तिरक्या राहतो. दिवाळीच्या सुट्टीत एका मादीनं त्याला शेपटीकडून अर्धा तोंडात घेतला होता. जुई तेव्हा माझ्या कडेवर होती. ती इतकी कळवळली की मादीच्या निवडीत पडायचं नसतं हे बाजूला ठेवून मी पेटीत हात घातला, मादीला बोटानं मागे सारलं आणि तळहाताची ओंजळ पाण्यात उपडी धरली. पिल्लू आपसूक त्या सावलीत येऊन थांबलं. "बघ," मी जुईला म्हटलं होतं, "आडोसा मिळाला की ते घाबरत नाही." ते वाचलं. पाठीत वाकडं, एका बाजूला कलून पोहतं, पण खाताना सगळ्यांत पुढे. नाव जुईनंच ठेवलं.

त्या रात्री मी माझ्या हाताचा वास घेऊन पाहिला. लसूण आणि पाणी. पोटावर हात ठेवायचं मात्र धाडस झालं नाही.

संस्थेत मॅडम स्वतः आल्या. पन्नाशीच्या, बारीक, बोलताना चष्मा हातात घेऊन त्याची काडी फिरवत राहणाऱ्या. आधी त्यांनी तिरक्याची चौकशी केली. बरा आहे म्हटल्यावर त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. सुजयला हे आवडलं नाही, त्याला पट्टी हवी होती.

मी फुंकर मारली. पट्टी मॅडमच्या हातात होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे दूध उतू जायची वाट पाहावी तसे बघत होतो. पांढरी. मॅडमनी दुसरी पट्टी घेतली, पुन्हा फुंकायला लावलं. पांढरीच. मग रक्ताचा थेंब घेऊन यंत्रात घातला आणि मान हलवली.

"पोटातलं बाळ ठीक आहे. निर्धास्त राहा."

सुजय खुर्चीत मागे रेलला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडूसुद्धा आलं नाही, फक्त तहान लागली. पेढे आणतो म्हणून तो बाहेर पडला. मी पर्स उचलली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मानसी, बसा जरा."

त्या चष्म्याची काडी फिरवत राहिल्या. "मग टाकीतलं कुणाचं?"

"नळाचं पाणी असेल."

"नळाचं तपासलं. तुमच्या सासूबाईंची टाकीही त्याच पाण्यावर आहे. घरात आणखी कोण आहे?"

"मुलगी. पण तिचा हात पोहोचत नाही टाकीपर्यंत," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला ते स्टूल दिसलं.

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. त्या सावकाश बोलत राहिल्या, मी अर्धवट ऐकत राहिले. जन्मानंतरही ते द्रव्य घामातून निघत राहतं. काही मुलांत त्रास लहानपणी दिसतो, काहींत विशीत, काहींत इतका थोडा की ती फक्त लवकर दमतात. लवकर कळलं तर काहींना औषधं लागू पडतात, काहींना नाही. किती आणि कधी, हे पट्टी सांगू शकत नाही.

"नाक फक्त वास सांगतं, आयुष्य नाही," त्या म्हणाल्या. "तिरक्याच्या आईचं नाक चुकलं नव्हतं. तरी तो आहे. गप्पीचं अख्खं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, तिला थांबून बघायला सवड नसते. आपल्याला असते." मग त्यांनी एक बंद पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवलं. त्यात एकच पट्टी होती. "इथेच या, असं मी म्हणणार नाही. घरी करा. तुमच्या हातानं."

स्कूटरवर सुजय मोठ्यानं बोलत होता. वारं सगळं मागे नेत होतं. बाळाच्या नावांचं काहीतरी. आईला आत्ता सांगू नकोस, घरी जाऊन तोंडात पेढाच घालू, असं काहीतरी. मी पर्स पोटाशी धरून मागे बसले होते. पाच वर्षं सरळ एका रांगेत लावलेली होती, ती कुणीतरी उचलून वेगळ्या क्रमानं मांडत होतं. जुई दीड वर्षाची होऊन गेली तरी चालत नव्हती. सुजयही उशिराच चालला, असं आत्यांनी सांगितलं आणि आम्ही निश्चिंत झालो. शाळेच्या बाईंनी खेळाच्या तासाला ती पायरीवर बसते म्हणून सांगितलं, तेव्हा मला तिचा शांत स्वभाव आवडला होता. जेवता जेवता तिला झोप लागते. फोटो आहेत माझ्याकडे, घास गालात ठेवून झोपलेलीचे. किती गोड म्हणून मी ते सगळ्यांना पाठवले होते.

घ्राणपट्टी आली तेव्हा जुई दोन वर्षांची होती. तिला कुणी हुंगलं नव्हतं.

सुजय स्कूटर लावेपर्यंत मी जिना चढले. दार लोटलेलं होतं. बाल्कनीकडून आत्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. हॉलमध्ये सावली होती आणि टाकीचा दिवा जळत होता.

जुई स्टुलावर उभी होती. उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत पेटीत. तळहाताची ओंजळ तिनं पाण्यात उपडी धरली होती, मी दाखवली होती अगदी तशी, बोटं जुळवून, मध्ये पोकळी ठेवून. त्या सावलीत दोन पिल्लं आली होती. मादी समोरून आली. थबकली. तिनं तोंड आधी पिल्लाकडे नेलं, मग जुईच्या करंगळीकडे, मग पुन्हा पिल्लाकडे. आणि एकेक करून दोन्ही घेतली.

जुई रडत होती, पण आवाज न करता. हात तिनं काढला नव्हता. मला बघून तिला लपावंसंही वाटलं नाही.

"मी आडोसा धरला, तरी खाते," ती म्हणाली. "रोज धरते. तू नसतेस तेव्हा."

मी तिच्यापाशी गेले आणि तिचा हात पाण्यातून काढून घेतला. थंडगार होता. बोटांची टोकं सुरकुतली होती. काचेवर तिच्या तळहातानं सोडलेले थेंब ओघळत होते. मादी शांतपणे तळाशी गेली आणि बदामाच्या पानाला तोंड लावू लागली.

जिन्यावर सुजयची पावलं वाजली. तो गुणगुणत येत होता. पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात असणार. आत येऊन तो पहिला पेढा जुईच्या तोंडात घालणार होता, कारण घरात काहीही चांगलं झालं की पहिला घास तिचा. मला त्याचा कालचा शब्द आठवला. निर्णय. जो अजून आलाच नाही त्याच्यासाठी तो शब्द आम्हाला सुचला होता आणि घशातूनही उतरला होता. ही समोर उभी होती, ओल्या फ्रॉकमध्ये, एका पायावर भार टाकून, कारण उभं राहून राहून ती दमली होती. हिच्यासाठी तो शब्द कुठे ठेवायचा?

पर्स माझ्या खांद्यालाच होती. पाकीट आत होतं. एक फुंकर, वाढदिवसाची मेणबत्ती विझवतात तेवढीच. ते आज करायला हवं, हे मला कळत होतं. औषधं असतात, मॅडम म्हणाल्या होत्या, काहींना लागू पडतात. ते मी करणारच होते. फक्त सुजय वर पोहोचेपर्यंतची ही थोडी पावलं मला हवी होती.

मी स्टुलापाशी गुडघे टेकले, जुईचा तळहात दोन्ही हातांत धरला आणि त्यात नाक खुपसलं. मी पण आईच होते. पाच वर्षं या हाताला धरून मी झोपले होते. शेवाळाचा वास आला. कैरीच्या फोडींचा, तिखटमिठाचा आला, म्हणजे कैरीच्या बरणीत हात घालून झाला होता. त्याखाली झोपेचा, तिच्या उशीला येतो तो. त्याच्याही खाली मी शोधत राहिले, डोळे मिटून, श्वास भरून भरून. तिला गुदगुल्या झाल्या. रडता रडताच तिला हसू आलं. मोकळ्या हातानं तिनं माझे केस बाजूला केले आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आई," तिनं विचारलं, "माझ्या हाताला कसला वास येतोय?"